पंडिता रमाबाईंचे प्रश्न आणि केडगांवचें बायबल



पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगांव नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. त्या गांवच्या माळावर एका मराठी पंडितेनें हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणिलें. तिच्या आश्रमांतल्या मुलींनीं त्याचे खिळे जुळविले आणि तेथल्याच छापखान्यांत तें छापलें गेलें. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनाचें नांव बहुतेकांच्या कानावर असतें. परंतु हा ग्रंथ कोणत्या मनःस्थितींतून जन्मला, याचा विचार क्वचित् केला जातो. सश्रद्ध वाचक त्याला भक्तीचें फळ म्हणतात, टीकाकार धर्मप्रसाराचें साधन म्हणतात. दोहोंतहि तथ्य आहे. मला मात्र आज असें सांगावयाचें आहे कीं, हा ग्रंथ मुख्यतः प्रश्न विचारण्याच्या संवयीचें फळ आहे.

प्रश्न दोन प्रकारचे असतात. भीमेच्या पलीकडे, घोड नदीच्या कांठीं शिरूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. याच मिशननें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या शाळांतून प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तकें शिकवीत. त्यांत प्रश्न छापलेला असे आणि त्याखालीं उत्तरहि छापलेलें असे. मुलांनीं दोन्ही पाठ करावयाचीं. हा प्रश्नाचा एक प्रकार झाला. त्यांत उत्तर आधीं ठरतें आणि प्रश्न मागाहून.

वादसभांतील प्रश्नहि याहून फारसा निराळा नव्हता. १८३१ च्या सुमारास मोरभट्ट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांचा मुंबईस वाद झाला. १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना जाहीर आव्हान दिलें. या वादांनीं लोकांची बुद्धि जागी झाली, हें कबूल केलें पाहिजे. तथापि तेथें प्रश्न हें शस्त्र होतें. प्रतिपक्ष निरुत्तर व्हावा हाच त्याचा हेतु. विचारणारा स्वतः कांहीं शिकण्यासाठीं तो विचारीत नसे.

रमाबाईंचा प्रश्न या दोहोंहून वेगळा होता. १८५८ सालीं जन्मलेल्या या मुलीला तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताविरुद्ध जाऊन संस्कृत शिकविलें. तीर्थयात्रा करीत हें कुटुंब देशभर हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईवडील गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरविलें. त्याच शहरीं ख्रिस्ती लोकांच्या एका सभेंत त्यांना व त्यांच्या भावाला संस्कृत बायबल भेट मिळालें. रमाबाईंनीं तें वाचून पाहिलें, पण पुराणांच्या आणि काव्यांच्या संस्कृतांत वाढलेल्या त्या पंडितेला तें समजेना. त्याच्या वाचनांत वेळ व्यर्थ जातो असें त्यांना वाटलें. हा लहानसा प्रसंग ध्यानांत ठेवावा. पुढें केडगांवच्या कथेंत त्याचा उपयोग होणार आहे.

याच सुमारास, व्याख्यानें देण्यासाठीं धर्मशास्त्रें वाचीत असतां, त्यांना एका गोष्टीनें अस्वस्थ केलें. इतर बाबतींत ग्रंथांचें एकमेकांशीं पटत नसे. परंतु स्त्रिया, मग त्या उच्च जातीच्या असोत वा नीच मानलेल्या जातीच्या, आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाहीं, याविषयीं त्यांना बहुतेक एकवाक्यता दिसली. ‘मग माझें काय?’ हा त्यांचा पहिला खरा प्रश्न. तो कोणाला जिंकण्यासाठीं नव्हता. आपल्या परंपरेंत असा प्रश्न नवा नाहीं. बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यांना एकामागून एक प्रश्न विचारते, तेव्हां ‘याहून पुढें विचारशील तर मस्तक गळून पडेल’ अशा अर्थाची ताकीद तिला मिळते. ती क्षणभर गप्प बसते. पण त्याच सभेंत पुन्हां उभी राहून पुन्हां विचारते. रमाबाई त्या गार्गीच्या वंशांतल्या.

१८८२ सालीं, पतिनिधनानंतर, त्या तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. ख्रिस्ती झालेले काशीचे विद्वान नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेमिया गोरे, यांच्याशींहि त्यांचा परिचय झाला. १८८३ मध्यें त्या इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत गेल्या. त्या भगिनींनीं लंडनच्या फुलहॅम भागांत ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठीं एक गृह चालविलें होतें. रमाबाईंनीं तें पाहिलें आणि विचारलें: समाजानें टाकलेल्या बायकांची सेवा हे लोक कशासाठीं करतात? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यांत आली.

ती कथा प्रश्नांनींच भरलेली आहे. येशू विहिरीपाशीं पाणी मागतो. ती स्त्री घागर पुढें करण्याऐवजीं विचारते कीं, तुम्ही यहूदी, मी शोमरोनी; माझ्या हातचें पाणी तुम्ही कसें मागतां? मग ती आणखी पुढें जाते: देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी कीं तुमच्या यरुशलेमांत? पाणवठ्याच्या विटाळाचा आणि देवळाच्या अधिकाराचा, असे हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि गांवीं तेव्हां विचारतां आले असते. येशू तिला गप्प करीत नाहीं, तिच्याशीं बोलतो. रमाबाईंच्या मनाला या कथेचा स्पर्श झाला, यांत नवल नाहीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथें प्रश्न संपले असें कोणालाहि वाटेल. वाँटेजच्या भगिनींनाहि तसेंच वाटलें असावें. परंतु रमाबाईंचे सर्वांत तीव्र प्रश्न बाप्तिस्म्यानंतरचे आहेत. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयांत शिकत असतां १८८४-८५ सालीं त्यांनीं सिस्टर जेराल्डीन आणि प्रमुख अध्यापिका डॉरोथिया बील यांच्याशीं जो पत्रव्यवहार केला, तो वाचण्याजोगा आहे. त्रैक्याचा सिद्धांत बायबलांत नेमका कोठें आहे? चर्चनें रचलेला मतांगीकार आणि मूळ शास्त्र यांत अंतर पडलें तर कोणाचें मानावें? वधस्तंभावरील अक्षरें लॅटिन कां? लॅटिनांत असें काय आहे जें आमच्या संस्कृतांत नाहीं? सिस्टर जेराल्डीन यांनीं आज्ञाधारकतेचा आग्रह धरला. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा कीं, एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें मान सोडविल्यावर तीच मान मी दुसऱ्या जोखडांत देणार नाहीं. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धि आहे. बीलबाईंनीं मात्र शंकांना शंका म्हणूनच उत्तरें दिलीं, आणि गोरे यांच्या युक्तिवादानेंहि पुष्कळ समाधान झालें. ज्यांनीं हुकूम केला त्यांच्यापासून रमाबाई मनानें दूर गेल्या. ज्यांनीं ऐकून घेतलें त्यांच्या जवळ राहिल्या. पुढें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडावयाचा होता. तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं सांपडला. शंकांनीं त्यांची श्रद्धा बुडविली नाहीं. ती जी टिकली ती शंकांतून तावून निघाल्यामुळेंच टिकली.

आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदा सदन पुढील वर्षीं पुण्यास आलें. तेथें कोणाच्या धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं, असें वचन होतें. रमाबाईंच्या खोलीचें दार प्रार्थनेच्या वेळीं उघडें असे आणि कांहीं विधवा मुली तेथें येऊन बसत. यावर ‘केसरी’नें कडक टीका केली, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. ‘दार उघडें ठेवणें ही तटस्थता कीं आमंत्रण?’ हा पुण्याचा प्रश्न होता. रानडे-भांडारकर कांहीं रमाबाईंचे वैरी नव्हते. जिनें चर्चला प्रश्न विचारले, तिलाहि प्रश्न विचारले जाणारच, आणि ते न्याय्य असूं शकतात, हें तिच्या चाहत्यांनीं विसरतां कामा नये.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं शेंकडों मुली वांचविल्या. पुण्यास प्लेग आल्यावर केडगांवची जमीन उपयोगी पडली आणि तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. येथें इतिहासकाराला एक अवघड प्रश्न विचारावाच लागतो. वाँटेजला ज्या स्वातंत्र्यासाठीं रमाबाई भांडल्या, तें त्यांच्या आश्रमांतल्या अनाथ मुलीला होतें काय? मनोरमेच्या समजुतीबाहेरची मतें तिच्यावर लादूं नयेत असा त्यांचा इंग्लंडांत आग्रह होता; उपाशी येऊन भाकरी मिळालेल्या मुलीला मात्र ‘नाहीं’ म्हणणें किती शक्य होतें? १९०५ सालीं केडगांवीं जें धार्मिक पुनरुज्जीवन झालें, त्याच्या भरांत शंकेला जागा थोडीच असणार. शिवाय रमाबाईंची स्वतःची श्रद्धाहि उत्तरायुष्यांत अधिक शब्दनिष्ठ झाली होती.

मला वाटतें, या प्रश्नाचें जें कांहीं उत्तर रमाबाईंपाशीं होतें तें त्यांच्या भाषांतरांत आहे. जें पुस्तक कलकत्त्यांत त्यांच्यासारख्या पंडितेला संस्कृतांत उमगलें नाहीं, तें खेड्यांतून आलेल्या मुलीला पंडिती मराठींत कसें उमगावें? मराठी बायबल तेव्हां उपलब्ध होतें. पण त्याची भाषा सामान्य बायकांना जड जाते, असें रमाबाईंना दिसलें. ‘हें पुस्तक कोणासाठीं आहे?’ हा त्यांचा शेवटचा मोठा प्रश्न. त्यासाठीं उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. इंग्रजीवरून भाषांतर करणें सोपें झालें असतें. परंतु मध्यस्थाच्या शब्दावर विसंबावयाचें नाहीं, मूळांत काय आहे तें स्वतः पाहावयाचें, हा चेल्टनहॅमचाच बाणा येथें दिसतो. भाषांतर मूळाला घट्ट धरून चालणारें असल्यामुळें तें कोठें कोठें ओबडधोबड वाटतें. तरी त्यांतला शब्द घरगुती आहे.

१९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. बाई थकल्या होत्या, पण मुद्रितें तपासण्याचें काम थांबलें नाहीं. तें संपतें न संपतें तोंच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

ज्या मुलींनीं तो जुळविला त्यांपैकीं अनेकींना कांहीं वर्षांपूर्वीं अक्षरओळखहि नव्हती. त्यांच्या मनांत कोणत्या शंका उठल्या, याची नोंद कोणी ठेविली नाहीं. पण शोमरोनी स्त्रीचा तो प्रश्न त्यांच्याच बोटांनीं, एकेक खिळा उचलून, त्यांच्याच भाषेंत उभा केला. उत्तर पाठ करणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. पुस्तक हातीं असलेल्याला पान उलटून स्वतः शोधतां येतें, आणि पटलें नाहीं तर पुन्हां विचारतां येतें. घरांतलें मूल उद्यां धर्माविषयीं, मग तो कोणताहि असो, अडचणीचा प्रश्न विचारील, तेव्हां आपण त्याला छापील उत्तर देणार कीं त्याच्याबरोबर पान उलटणार, हें श्रोत्यांनीं आपापल्या घरीं ठरवावें. केडगांवच्या त्या वृद्ध पंडितेनें आपल्यापुरतें तें ठरविलें होतें.