शेणसडा, चुना आणि मामल्याचे उंदीर

नवरात्र जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, फिनेल सोडून घरचंच काही वापरलं तर चालेल का? मोबाइलवर लिंबू आणि खायच्या सोड्याचं दाखवतात." हो किंवा नाही म्हणून हे भागत नाही. मोबाइलवरचा हा प्रयोग आपल्याकडे जुनाच आहे, तुमच्या आजीने तो जन्मभर केला. त्यात काय साधले आणि काय निसटले, हे आपल्या बीड जिल्ह्याने पाहिलेले आहे.

आजीचे सामान आठवून पाहा. भांड्याला चुलीतली राख, पितळेला चिंच, कपड्याला रिठा, भिंतीला चुना, जमिनीला शेण आणि माळवदावर पांढरी माती. भाद्रपदात घर रिकामे व्हायचे, गोधड्या नदीवर जायच्या. यातले बरेचसे आजच्या रसायनशास्त्रालाही पटणारे आहे. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते तेलकटपणा सोडवतात. रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते, साबणासारखे काम करते. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते. शिवाय राखेने भांडी घासायला पाणी थोडे लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नव्हती.

चुन्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण या सगळ्यात खरा जंतुनाशक तोच. ताजी चुन्याची निवळी इतकी क्षारयुक्त असते की बहुतेक जंतू तिच्यात टिकत नाहीत. पण भिंतीवर वाळला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साध्या खडूसारखा होतो आणि त्याची मारक शक्ती जाते. म्हणजे दरवर्षी चुना देण्याला अर्थ होता, पाच वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या भिंतीला नाही. याच चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ब्लीचिंग पावडर करण्याचे पेटंट स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये घेतले. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. विहिरीत टाकतात ती पावडर याच घराण्यातली.

आता निसटले ते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. इंग्रज सरकारने घरे उघडली, सामान जाळले, जमिनी उकरल्या, चुना आणि कार्बोलिक फवारले. ही मोठ्या प्रमाणावर केलेली साफसफाईच होती, पण प्लेग थांबला नाही. रोगाचा जंतू येर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला ओळखला होता. तो उंदराच्या पिसवांमार्फत माणसात येतो, हे मात्र सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवले. तोवर शत्रू भिंतीवर शोधला जात होता. तो बिळात होता.

जंतू सापडून बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट 1994 मध्ये, तोच शत्रू बीड तालुक्यातल्या मामल्यात दिसला. आधी उंदीर मरून पडले, मग पिसवांचा त्रास वाढला, नंतर ताप आणि काखेत-जांघेत गाठ असलेले रुग्ण येऊ लागले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर धास्तीने लोक घराबाहेर राहिले, धान्य आत राहिले आणि उंदरांना मोकळे रान मिळाले, अशी साखळी तेव्हा मांडली गेली. पुढे सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला, पन्नासच्या आसपास माणसे गेली आणि आपल्या जिल्ह्याचे नाव जगभर छापून आले.

मामल्याच्या बायका घर सारवत नव्हत्या म्हणून हे झाले, असे कोणी म्हटले तर मला राग येतो. मातीच्या भिंतीतले बीळ शेणाने बुजत नाही आणि कणगीतले धान्य कडुनिंबाच्या पाल्याने उंदरापासून वाचत नाही. (किड्यांसाठी पाला ठीक आहे.) तिथे कामी आली ती कीटकनाशकाची फवारणी आणि टेट्रासायक्लिन. फवारणीतही क्रम महत्त्वाचा असतो: आधी पिसवा, मग उंदीर. उलटे केले, तर मेलेल्या उंदरावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात.

शेणाचीही दुसरी बाजू आहे. शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. सारवलेली जमीन वाईट नाही, पण जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर शेण, राख लावण्याने किती अर्भके गेली असतील! गरोदर बायांना धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातले बाळंतपण, यांमुळे 2015 मध्ये भारतातून बाळंतपणातला आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले.

मग तुमच्या लिंबू-सोड्याचे काय? दोन्ही एकत्र केले की फसफसते, बघायला छान वाटते, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना निकामी करतात. वेगवेगळे वापरा: सोडा ओट्याच्या तेलकटपणाला, लिंबू नळावरच्या क्षारांच्या डागांना. रिठ्याचे पाणी फरशीला चालेल, डोळ्यांत जाऊ देऊ नका. रोजच्या घराला एवढे आणि साबण पुरे. घरात कोणाला जुलाब किंवा कावीळ असेल, तर मात्र संडास आणि तिथली फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानेच पुसा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून.

त्याच वेळी संडासात ॲसिड ओतू नका. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दम्याच्या माणसाला घरच्या न्हाणीत जीव गुदमरून दवाखान्यात यावे लागते ते यामुळेच. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल किंवा ॲसिड भरून ठेवले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती बाटली उचला. लहान मूल तहान लागली की रंग बघते, चिठ्ठी वाचत नाही.