गिरणगावातील गाळे : आरोग्यतपासणी व परवानाशुल्क

लालबाग-परळच्या चाळींत एकाच गावच्या चाकरमान्यांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली म्हणजे गाळा. पावसाळ्यात लावणीला कोकणात गेलेला गिरणीकामगार परतला की येथेच पथारी टाकी. वळकट्या भिंतीशी, ट्रंका फळीवर; पाळ्यांमुळे खोली क्वचितच रिकामी. जेवण खाणावळीत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९७ च्या साथरोग कायद्याखाली घरोघर सक्तीची तपासणी झाली. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार ट्रस्ट आला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार (कलम ३९४) लॉजिंग हाउसला परवाना लागतो व त्याचे शुल्क आकारता येते (कलम ४७९). गावकऱ्यांचा गाळा मात्र धंदा नव्हे, सामायिक बिऱ्हाड होते. स्वच्छतेची जबाबदारी चाळमालकाचीच असायला हवी. दाटी आणि अपुऱ्या संडासांचा त्रास कामगारांनीच सोसला.