तेल, पेशी आणि प्रसार: नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

वनस्पतींची तेले आणि कर्करोगाचा प्रसार या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी एकच प्रश्न विचारतो: तुमचे तेल पेशीला मारते, की तिला जागचे हलू देत नाही? बुलढाणा, अकोला, वाशीमकडची मुले आता एम.एस्सी.ला हा विषय आवडीने घेतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. लोणारच्या विवराच्या उतारांवर साग, बाभूळ, कडुलिंब, सीताफळ दाटीने उभे आहेत. रोजच्या पाहण्यातल्या झाडापासून संशोधन सुरू करता येणे हे भाग्यच. पण वरच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीपेक्षा तिच्या प्रसाराने जातात. गाठीतल्या पेशी आजूबाजूचे जाळे विरघळवतात, रक्तात शिरतात, तिथे तग धरतात, दूरच्या अवयवात उतरतात आणि पुन्हा वाढू लागतात. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. काही अवयवांत गाठी वारंवार होत्या, काहींत क्वचितच. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच मातीत रुजते, असे त्याने मांडले. काळी माती आणि मुरूम यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता तेलांकडे. बी घाण्यात घालून निघते ते करंज, लिंबोळी, सीताफळबियांचे तेल वेगळे. पाने किंवा गवत वाफेवर चढवून मिळते ते उडून जाणारे सुगंधी तेल वेगळे. दोन्हींची रसायने निराळी, प्रयोगांची पद्धतही निराळी. सुगंधी तेलांत आपल्या भागाचे म्हणावे असे रोशाचे तेल. एकोणिसाव्या शतकात खानदेश-वऱ्हाडच्या डोंगराळ पट्ट्यात रोशा गवताच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबई बंदरातून कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. या गवताचे दोन वाण आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारखे, एकाच शास्त्रीय नावाखाली मोडणारे. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असते. सोफियात ते कमी, आणि पेरिलिल अल्कोहोलसारखे वेगळे घटक आढळतात. म्हणजे ‘रोशाचे तेल वापरले’ एवढ्या नोंदीने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. कोणता वाण, कुठल्या उतारावरचा, फुलोऱ्याआधी कापला की नंतर, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने कोणते घटक किती टक्के मिळाले, हे लिहिलेच पाहिजे.

प्रयोगशाळेत काय घडते ते जवळून पाहू. प्लॅस्टिकच्या ताटलीच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवतात. पिपेटच्या पिवळ्या टोकाने त्यावर सरळ ओरखडा काढतात, सुटलेल्या पेशी धुऊन टाकतात आणि फोटो घेतात. चोवीस तासांनी पुन्हा फोटो. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत येऊन फट बुजवतात. तेल घातलेल्या ताटलीत फट तशीच राहिली की विद्यार्थी हरखून जातो. थांबा. पेशी मेल्या असतील, तरी फट तशीच राहते. म्हणून ज्या मात्रेला पेशी धडधाकट राहतात ती आधी ठरवायची आणि ओरखड्याचा प्रयोग त्याच मात्रेत करायचा. पेशींचे विभाजनही मोजायचे, कारण फट नव्या पेशींनीही भरते.

तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते डीएमएसओमध्ये विरघळवतात. मग तुलनेच्या ताटलीत तेवढेच डीएमएसओ हवे. सुगंधी तेलाची वाफ शेजारच्या खळग्यांत जाते आणि तेल न घातलेल्या पेशींवरही परिणाम करते. खळगे दूर ठेवा, झाकण नीट बसवा. पेशींची ओळखही तपासून घ्या. एमडीए-एमबी-४३५ या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या समजून वर्षानुवर्षे प्रसाराच्या अभ्यासात वापरल्या गेल्या. पुढे त्या मेलॅनोमाच्या निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात पेशींचे भांडार आहे, तिथून घेतलेल्या पेशींचा हिशेब तरी राहतो.

पुढची पायरी उंदरांची. बी१६एफ१० या मेलॅनोमा पेशी शेपटीच्या शिरेतून सोडल्या की दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसावर काळे ठिपके उठतात, ते मोजतात. इथे पेशी आपणच रक्तात सोडलेल्या असतात; गाठीतून सुटण्याची पायरी तपासलीच जात नाही. निष्कर्ष लिहिताना हे स्पष्ट सांगावे.

आणि माणूस? पेरिलिल अल्कोहोल प्राण्यांत आशादायक ठरले, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत ते रुग्णांना तोंडावाटे देऊन पाहिले. मळमळ आणि थकवा आला, अपेक्षित गुण आला नाही. सीताफळाच्या बियांतली अ‍ॅसिटोजेनिन्स पेशीच्या ऊर्जेची यंत्रणा रोखतात, म्हणून ताटलीत ती फार प्रभावी वाटतात. पण निरोगी पेशींचीही यंत्रणा तीच आहे. उवांसाठी वाटलेले हे बी डोळ्यांत गेले तर बुबुळाला इजा होते, हे गावाकडे ठाऊक असते. म्हणून ताटलीतल्या निकालावरून ‘कर्करोगावर गुणकारी’ अशी बातमी आपल्या नावावर छापू देऊ नका. ती वाचून एखाद्याच्या घरी केमोथेरपी थांबवली जाते. हे मी कळकळीने सांगतो.

कामाला लागायचे असेल, तर एकच वनस्पती निवडा. लोणारचे विवर २००० सालापासून अभयारण्य आहे. तिथले पानही वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडायचे नाही, बांधावरचे किंवा शेतातले घ्या. फुलासकट फांदी दाबून नमुना तयार करा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राकडून ओळख पक्की करून घ्या. तेल निघाले की अर्धे गडद रंगाच्या बाटलीत घालून, तारीख लिहून, थंड जागी ठेवा. सहा महिन्यांनी घटक पुन्हा मोजायचे आहेत.