बिडाचे चक्र आणि वाढलेले फेरे

म्हैसूरजवळच्या बेळगोळपासून कण्णंबाडीचे धरण फार दूर नाही. त्या धरणाचे शिल्पकार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले. १९३०च्या दशकात त्यांनी देशी मोटार कारखान्याची योजना आखली. म्हैसूर संस्थानात तो उभारण्याची त्यांची आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची खटपट ब्रिटिश सरकारच्या विरोधापुढे टिकली नाही. अखेर १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हीच कुटुंबवत्सल गाडी शर्यतीत धावली.

शर्यतीसाठी इंजिन चपळ करण्याचा जगभरचा जुना उपाय म्हणजे फ्लायव्हील लेथवर चढवून त्याची कड उतरवणे. जडत्व घटते, इंजिन चटकन फेरे घेते. मात्र धोका वजन घटण्यात नसतो. कडेचे बीड काढल्याने ताण उलट थोडा कमीच होतो. धोका असतो तो त्यानंतर वाढणाऱ्या फेऱ्यांत. फिरत्या कड्यातील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ५००० ऐवजी ६५०० फेरे झाले की तो सुमारे १.७ पट होतो. १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चक्राची कड ५००० फेऱ्यांना ताशी २६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. असे ८ किलोचे भरीव चक्र सुमारे ११ किलोज्यूल ऊर्जा बाळगते; एक टनाची मोटार ताशी १७ किलोमीटरने चालावी, तितकी.

बीड दाबाला खंबीर, ताणाला दुबळे. सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये छिद्रे व टोकदार कोपऱ्यांशी ताण कसा एकवटतो हे गणिताने दाखवले, ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास काचेवरील प्रयोगांतून भेगांचे ऊर्जागणित मांडले. लेथच्या पात्याने बोल्टांच्या वर्तुळाजवळ सोडलेला तीक्ष्ण खाचा म्हणजे इंग्लिस यांचे उदाहरणच. त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या केसागत भेगा मिळतात. आणि मागची चाके ओढणाऱ्या या जुन्या गाड्यांत फ्लायव्हील असते चालकाच्या पायांलगत, पातळ ओतीव आवरणात!

म्हणून जाणकार कारागीर जुने बीड कोरत बसत नाहीत. घडीव पोलादाचे चक्र बसवतात, क्लचसह त्याचा तोल साधतात आणि भोवती पोलादी कवच घालतात. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशींनी जपलेल्या गाड्यांतील मूळ चक्रे आता निदान पंचविशीच्या घरात आहेत. भेगा मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी रंगद्रव्याची चाचणीच करावी लागते.