‘दारू प्यायलाय’ म्हणण्याआधी : मधुमेहात शुगर कमी झाल्याची वेगळी लक्षणे ओळखा

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाढलेली शुगर येते. घरात, नाक्यावर, विहारात बोलणे होते तेही ‘शुगर किती वाढली’ एवढेच. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि तो धोका वेगळ्या प्रकारचा आहे. वाढलेली शुगर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांचे नुकसान करायला वर्षे घेते. कमी झालेली शुगर काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. याला वैद्यकीय भाषेत हायपोग्लायसेमिया म्हणतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक मंडळात हा आजार असलेली माणसे आहेतच. त्यांच्यापैकी अनेकांना हात थरथरले, घाम आला की साखर खायची, एवढे ठाऊक असते. अडचण होते ती लक्षणे वेगळ्याच रूपात येतात तेव्हा. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो किंवा नुसता टक लावून बसतो. मग आजूबाजूचे लोक आपापला अर्थ लावतात : हा प्यायलाय, हिच्या अंगात आलेय, म्हाताऱ्याला चळ लागलाय. या गैरसमजात वेळ जातो आणि तोच वेळ जिवाचा असतो. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना हे अर्थ आम्ही वारंवार ऐकतो. म्हणून ही माहिती रुग्णाइतकीच त्याच्या भोवतीच्या तरुणांसाठी आहे.

शुगर कमी म्हणजे किती?

मधुमेहाचे उपचार घेणाऱ्या व्यक्तीची शुगर ७० मि.ग्रॅ.च्या खाली गेली (१०० मिलिलिटर रक्तात) की सावध होऊन लगेच उपाय करायचा. ५४ च्या खाली गेली तर स्थिती गंभीर समजायची, कारण इथे मेंदूला साखर कमी पडू लागते. आणि माणसाला स्वतःला सावरता येत नसेल, दुसऱ्याने मदत करावी लागत असेल, तर आकडा काहीही असो, ती तातडीची अवस्था आहे.

ज्यांची शुगर महिनोन्‌महिने २५०-३०० राहिली आहे, त्यांना उपचार सुरू झाल्यावर १००-१२० ला सुद्धा थरथर आणि घाबरल्यासारखे वाटू शकते. शरीराला जास्त साखरेची सवय झालेली असते. अशा वेळी घाबरून औषध बंद करू नये. मीटरवर शुगर तपासावी आणि डॉक्टरांना सांगावे.

नेहमीची लक्षणे आणि मेंदूची लक्षणे

शुगर उतरू लागली की शरीर ॲड्रेनालिन सोडते. त्यामुळे दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडाडून भूक लागते, उगाच भीती वाटते. ही धोक्याची घंटा आहे.

घंटा वाजूनही काही खाल्ले नाही, किंवा घंटा वाजलीच नाही, तर पुढची लक्षणे मेंदूची असतात. मेंदू जवळपास पूर्णपणे रक्तातल्या ग्लुकोजवर चालतो. ते कमी पडले की विचार, बोलणे, तोल, स्वभाव या सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणजे ज्या मेंदूने ‘आता साखर खा’ असे सांगायचे तोच नीट चालत नसतो. म्हणूनच रुग्ण ‘मला काही झालेले नाही’ असे ठामपणे म्हणतो आणि तरीही त्याची शुगर ४५ असू शकते.

सहज न ओळखू येणारी लक्षणे

*वागण्यातला बदल.* शांत माणूस अचानक चिडतो, शिव्या देतो, हट्टाला पेटतो. कोणी कारण नसताना रडते किंवा हसत सुटते. दिलेले सरबत ढकलून देणे, हेही लक्षण असू शकते.

*बोलणे आणि हालचाल.* जीभ जड होणे, शब्द न सुचणे, तेच तेच विचारणे, रोजचा रस्ता चुकणे, हातातून वस्तू पडणे, झोकांड्या खाणे. साधा हिशेब न जमणे, मोबाइलवरचा मजकूर वाचूनही न कळणे.

*तोंड आणि डोळे.* ओठांना, जिभेला मुंग्या येणे किंवा बधिरपणा. धूसर दिसणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे.

*गप्प होणे.* हाक मारली तरी उत्तर न देणे, एकटक पाहत बसणे, बैठकीत अवेळी पेंगणे, वारंवार जांभया येणे.

*एका बाजूची कमजोरी.* क्वचित एक हात-पाय लुळा पडतो आणि लकवा मारल्यासारखे दिसते. म्हणून मधुमेही माणसाला पक्षाघाताची लक्षणे दिसली तर शुगर तपासावी. पण तपासण्यासाठी थांबून रुग्णालयात नेणे लांबवू नये.

*रात्रीची लक्षणे.* घामाने कपडे, अंथरूण ओले होणे, वाईट स्वप्ने पडणे, झोपेत ओरडणे, सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि झोप होऊनही थकवा. असे वरचेवर होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री दोन-तीनच्या सुमारास शुगर तपासून पाहावी.

*वयस्कर आणि लहान मुले.* आजी-आजोबांमध्ये थरथर, घाम कमी दिसतो. चक्कर, गोंधळ, अचानक पडणे हेच पहिले लक्षण असू शकते, आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. इन्सुलिनवर असलेली मुले अचानक किरकिर करतात, खेळ सोडून बसतात, वर्गात लक्ष देत नाहीत. ‘नाटके करतो’ असे म्हणण्याआधी शुगर पाहावी.

धोक्याची घंटा का वाजत नाही?

वारंवार शुगर कमी होत राहिली तर शरीराला त्याची सवय होते आणि ॲड्रेनालिनची लक्षणे येईनाशी होतात. बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये हे दिसते. काही आठवडे शुगर कमी होऊ दिली नाही तर ही जाणीव बऱ्याच जणांमध्ये परत येते. त्यासाठी औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागते.

दुसरे कारण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारख्या औषधांमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. त्यामुळे अशी गोळी घेणाऱ्याला कारण नसताना घाम फुटला तर दुर्लक्ष करू नये. गोळी मनाने बंदही करू नये.

धोका कोणाला जास्त?

सगळ्या मधुमेहींना सारखा धोका नाही. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा फार खाली जात नाही. धोका असतो तो इन्सुलिनने आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गटातल्या गोळ्यांनी. अनेक गोळ्यांमध्ये दोन-तीन औषधे एकत्र असतात, म्हणून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेली औषधांची नावे वाचावीत.

गोळी घेऊन जेवण राहिले, नेहमीपेक्षा जास्त अंगमेहनत झाली, उलट्या-जुलाब झाले, मूत्रपिंड कमजोर झाले, की धोका वाढतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर औषध शरीरात जास्त वेळ राहते. दिवसभर ओझी उचलणाऱ्या, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाची शुगर काम संपल्यावर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते.

इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक धोका आहे. बाजारात ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतेचे इन्सुलिन मिळते आणि त्यांच्या सुया वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण साधारणपणे लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर खुणा तेवढ्याच दिसतात, पण औषध अडीचपट जाते. १० च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात २५ युनिट जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दरवेळी जुळवून पाहावा.

दारूचा संशय आला तर

शुगर उतरलेला आणि प्यायलेला माणूस सारखाच दिसू शकतो. दोन्हीत जीभ जड होते, तोल जातो, माणूस अरेरावी करतो. कष्टकरी वस्तीतला, मळक्या कपड्यातला माणूस रस्त्यावर पडला तर लोक त्याची शुगर तपासत नाहीत, त्याला ओलांडून जातात. माणसाच्या कपड्यांवरून, वस्तीवरून त्याची किंमत ठरवण्याच्या सवयीचाच हा भाग आहे.

तोंडाला दारूचा वास आला म्हणूनही प्रश्न सुटत नाही. दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही, त्यामुळे मधुमेहाचे औषध घेऊन उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाला शुगर उतरण्याचा धोका उलट जास्त असतो. ‘झोपू दे, उतरेल’ हा सल्ला अशा वेळी जीवघेणा ठरू शकतो. तपासा, मगच ठरवा. अंगात आले म्हणून लिंबू-अंगारा शोधण्यातही हीच वेळ वाया जाते.

काय करावे?

*माणूस शुद्धीत आहे, गिळू शकतो :* हात धुऊन मीटरवर शुगर तपासा. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागली असेल तर आकडा खोटा जास्त येतो. मीटर नसेल तर शुगर कमी आहे असे समजून उपाय करा. शुगर जास्त निघाली तरी एकदा दिलेल्या तीन चमचे साखरेने सहसा मोठे नुकसान होत नाही. कमी असताना न दिली तर जीव जाऊ शकतो.

१५ ग्रॅम लवकर रक्तात जाणारी साखर द्या. म्हणजे चहाचे तीन चमचे भरून साखर पाण्यात, किंवा तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा ते पाऊण पेला फळांचा रस वा साधे कोल्ड्रिंक. ‘डाएट’ कोल्ड्रिंक चालत नाही. पेढा, चॉकलेट, बिस्किटे पहिला उपाय म्हणून नकोत, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. वर आली की पोळी, भाकरी, पोहे असे काही खायला द्या.

*व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर* साधी साखर आणि गूळ लवकर लागू पडत नाहीत, कारण ही औषधे साखरेचे पचन रोखतात. त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी.

*बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर* तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवा, श्वास पाहा आणि १०८ ला फोन करा. ‘हा मधुमेही आहे, अमुक औषध घेतो’ हे आधी सांगा. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन घरात असेल आणि द्यायला शिकवलेले असेल तर ते द्या.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमुळे शुगर उतरून माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला असेल, तर शुद्धीवर आल्यावरही त्याला रुग्णालयात न्यावे. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो आणि शुगर पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा उतरू शकते.

कार्यक्रम, प्रवास आणि उपोसथ

१४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. रात्रभराचा प्रवास, तासन्‌तास रांग, मैलभर चालणे, जेवणाची वेळ चुकलेली आणि सकाळची गोळी मात्र घेतलेली. शुगर उतरायला हे पुरेसे आहे. स्वयंसेवकांच्या प्रत्येक पथकाकडे पाण्यासोबत ग्लुकोज पावडर आणि एक ग्लुकोमीटर असावा.

वर्षावासात आणि पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. त्यात इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणारे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलून औषधाची वेळ आणि प्रमाण ठरवावे. शुगर उतरली तर शील मोडेल म्हणून साखर नाकारू नये. विनयपिटकात आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गुळाचा पाक औषध म्हणून विकाळीही घेण्याची मुभा आहे. ऐकत नसलेल्या आजीला एवढे सांगितले तरी पुरते.

आपण काय करू शकतो?

पहिले, आजार लपवू देऊ नये. नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने तरुण मुले-मुली इन्सुलिन चोरून घेतात आणि संकटात कोणालाच काही माहीत नसते. खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याची अखेरची वर्षे मधुमेहाशी झगडत काम केले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दुसरे, ‘मला मधुमेह आहे’, औषधांची नावे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा पर्समध्ये असावी. सोबत ग्लुकोजची पुडी. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल चालवणाऱ्याने निघण्याआधी शुगर तपासावी, आणि गाडीवर असताना काही वेगळे वाटले तर आधी गाडी थांबवावी.

तिसरे, प्रत्येकाची लक्षणे वेगळी असतात, पण एकाच माणसात ती बरेचदा सारखीच येतात. कोणाचे ओठ बधिर होतात, कोणी भांडायला उठते. घरच्यांनी, सहकाऱ्यांनी ती एकदा नीट लक्षात ठेवावीत. शुगर उतरल्याची प्रत्येक वेळ, त्याआधीचे जेवण आणि काम वहीत लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवावे. शासकीय आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील लोकांची मधुमेहाची तपासणी मोफत होते. तिथे जाताना ही वही सोबत न्यावी.

आपल्या ओळखीचा मधुमेही माणूस अचानक त्याच्यासारखा वागेनासा झाला, तर त्याच्या स्वभावाचा, चारित्र्याचा किंवा वयाचा विचार नंतर करावा. आधी त्याची शुगर पाहावी.