हॉटेलांतील ताटाचें मोल

कुळगांवचा नोकरदार रविवारीं बायकामुलांसह हॉटेलांत जेवतो आणि बिल पाहून धान्याच्या महागाईला बोल लावतो. पण त्या रकमेंत धान्याचा वांटा किती?

१९९५ सालीं या राज्यांत एका रुपयास झुणका-भाकर मिळूं लागली. तो भाव अनुदानावरच उभा होता. पुढें २६ जानेवारी २०२० रोजीं शिवभोजन थाळी निघाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ग्राहकाचे १० रुपये, बाकीचे सरकारचे. मात्र त्याच थाळीची किंमत शहरांत ५० आणि ग्रामीण भागांत ३५ रुपये धरली होती. ताट तर दोहींकडे तेंच! हें १५ रुपयांचें अंतर मला मोठें बोलकें वाटतें. जागेचें भाडें आणि मजुरी यांखेरीज त्याचा उलगडा होत नाहीं. कुळगांव खेड्याचें शहर झालें, तेव्हां त्याचें जेवणहि ३५ कडून ५० कडे सरकलें, असें म्हणा ना!

कराची कथा आणखी चमत्कारिक. जुलै २०१७ मध्यें वातानुकूलित हॉटेलांतील जेवणावर १८ टक्के वस्तु व सेवा कर बसला. १५ नोव्हेंबरपासून तो ५ टक्के झाला. ग्राहकास हायसें वाटावें, तोंच मालकाला भाड्यावर नि मालावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. बिलाच्या तळाशीं उघड दिसणारा कर मग निमूटपणें दरपत्रकांत जाऊन बसूं लागला.