नवगावचे गलबत आणि गुणसूत्रांची बखर

१६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. त्या काळापासून आपण येथे आहोत असे सांगणारी मराठी घराणी मला जयनगरात भेटतात. कोणापाशी सनद असते, कोणापाशी नुसती वंशावळ. परंतु ज्या समाजापाशी कागदाचा कपटाही नाही, त्याने आपल्या आगमनाचा काळ कोणास विचारावा?

कोकणातील बेने इस्रायल हा असा समाज. अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. ती दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनवार तेली’. भाषा मराठी, आडनावे किहीमकर, पेणकर अशी.

आता कागदावाचून काळ मोजण्याची रीत पाहा. आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या बीजपेशी घडताना आपसांत तुकडे बदलतात. यास पुनःसंयोजन म्हणतात. दोन समाजांचा संकर झाला की पहिल्या संततीत दोहोंकडची गुणसूत्रे अखंड असतात. मग पिढीगणिक ती कापली जाऊन तुकडे आखूड होतात. तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजता येतात. या अदलाबदलीचे गणिती सूत्र हॉल्डेन यांनी १९१९ साली मांडले. तेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

बेने इस्रायलांविषयीचे असे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. यहुदी अंश पुरुषांकडून अधिक आला, स्थानिक अंश स्त्रियांकडून. तेव्हा नवगावची कथा खोटी, असे कोणी म्हणेल. हा निष्कर्ष उतावळा होय. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. आधी येऊन शतकानुशतके अलिप्त राहणे अशक्य नाही. शिवाय संकर वारंवार झाला असल्यास हे गणित अलीकडच्या प्रसंगाकडे झुकते. सात जोडप्यांचा वंश निर्भेळ राहिला, एवढे म्हणणे मात्र टिकत नाही.

हे घड्याळही सर्वत्र एकाच साच्याचे नाही. माणसाचे गुणसूत्र कोठे तुटावे हे बव्हंशी ‘पीआरडीएम-९’ हे जनुक ठरविते, असे २०१० साली उमगले. दुसऱ्याच वर्षी पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत तुटण्याच्या काही जागा युरोपीयांहून निराळ्या आढळल्या. म्हणजे समुद्रांनी व डोंगरांनी विभागलेल्या समाजांत जनुकेच काय, जनुकांची सरमिसळ करण्याची रीतही पालटत जाते! लांब तुकड्यांच्या हिशेबास याने फारसा धक्का बसत नाही, ही आपल्या सोयीची गोष्ट.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली, विवाह अडले, आंदोलने झाली. १९६४ साली तेथील सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या वेळी कोणाचेही गुणसूत्र तपासलेले नव्हते.